‘फरक आढळला नाही’ हे वाक्य कसं वाचायचं?

औषध चाललं नाही असा निकाल असलेला पेपर आपण पटकन बाजूला ठेवतो. पण संशोधनाची रचना शिकायची असेल तर असेच पेपर जास्त कामाचे. आज त्यातला एक घेऊ.

सायटिका म्हणजे कंबरेतल्या मज्जातंतूच्या मुळाला त्रास झाल्यामुळे पायात उतरणारी कळ. मधुमेहामुळे होणाऱ्या मज्जातंतूंच्या दुखण्यात प्रीगॅबालिन उपयोगी पडतं, म्हणून ते सायटिकालाही दिलं जाऊ लागलं. तर्क ठीक आहे, पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. तो तपासला ऑस्ट्रेलियातल्या स्टेफनी मॅथिसन आणि सहकाऱ्यांनी. पेपर ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१७ साली आला. २०९ रुग्ण, ८ आठवड्यांपर्यंत प्रीगॅबालिन किंवा प्लासिबो, आणि वर्षभर पाठपुरावा.

आठव्या आठवड्याला ० ते १० च्या मोजपट्टीवर पायदुखी औषधाच्या गटात सरासरी ३.७ होती, प्लासिबोच्या गटात ३.१. पी-व्हॅल्यू ०.१९. बरेच विद्यार्थी इथेच थांबतात आणि लिहितात, ‘फरक नाही’. तुम्ही थांबू नका. छोट्या चाचणीत खरा फरकसुद्धा निसटू शकतो. म्हणून कॉन्फिडन्स इंटरव्हल बघा: उणे ०.२ ते १.२. म्हणजे औषधाच्या बाजूने अगदी उदार होऊन वाचलं, तरी फायदा जेमतेम ०.२ गुणांचा. चाचणी आखताना रुग्णाला जाणवेल असा फरक म्हणून १.५ गुण धरले होते. म्हणजे हा ‘माहीत नाही’ असा निकाल नाही. सरासरी रुग्णाला उपयुक्त फायदा असण्याची शक्यता तो जवळजवळ बाद करतो. पेपरची खरी ताकद मला इथे दिसते.

दुसरी गोष्ट, दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं. प्लासिबोचा गट नसता तर सगळं श्रेय गोळीला गेलं असतं. दवाखान्यात नेमकं हेच होतं: रुग्ण गोळी घेतो, बरं वाटतं, आणि दोघांची खात्री पटते.

आता तक्रारी. एक आठवड्यापासून वर्षभरापर्यंतचं दुखणं असलेले रुग्ण यात एकत्र आहेत. ताजी सायटिका बऱ्याचदा आपोआप ओसरते, जुनी चिवट असते. त्यामुळे जुन्या दुखण्याच्या एखाद्या लहान गटाला औषध लागू पडतं का, हे या सरासरीवरून ठरवता येत नाही. शिवाय प्रीगॅबालिनने चक्कर येते, त्यावरून काहींनी आपली गोळी ओळखली असेल. पण तसं झालं असेल तर निकाल औषधाच्या बाजूने झुकायला हवा होता. तो झुकला नाही!

दुष्परिणामांचा तक्ता वगळू नका. औषधाच्या गटात २२७ नोंदी, प्लासिबोत १२४. फायदा दिसत नसताना चक्कर सोसायची ती कोणी? कंबर आणि पाय धरून कामावर जाणाऱ्या माणसाने.

पुढचा ‘निगेटिव्ह’ पेपर हातात आला की पी-व्हॅल्यूच्या आधी दोन गोष्टी वहीत लिहा: किती फरक महत्त्वाचा मानला होता, आणि इंटरव्हल तिथपर्यंत पोचतो का. पोचत असेल तर प्रश्न अजून उघडा आहे. पोचत नसेल, तर ते उत्तर आहे.