पाणी, पंगत आणि निष्ठा : ‘स्मृतिचित्रे’तील धर्मानुभवाचे स्वरूप

धर्मांतराच्या आत्मकथनाला पाश्चात्त्य परंपरेत ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’ने एक निश्चित घाट दिला. संशय, अंतर्द्वंद्व, एका क्षणी लाभणारा साक्षात्कार आणि त्यानंतरचे नवे जीवन असा तो घाट आहे. मराठीत बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र या घाटाच्या बरेच जवळ जाते. वाचन, वादविवाद आणि धर्मग्रंथांची चिकित्सा यांमधून १८५४ मधील बाप्तिस्म्यापर्यंतची वाटचाल तेथे तर्काच्या क्रमाने उलगडत जाते. श्रद्धा म्हणजे आधी सत्याचा बौद्धिक स्वीकार. आचार हा त्या स्वीकाराचा परिणाम, असे या कथनाचे गृहीत आहे.

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या ‘स्मृतिचित्रे’त हा क्रम उलटा आहे, ही गोष्ट मराठी समीक्षेने पुरेशी लक्षात घेतलेली नाही. १९३४ ते १९३६ या काळात ग्रंथरूपाने आलेल्या या आत्मकथनातील प्रांजळपणा, विनोद, घरगुती भाषा आणि दांपत्यजीवनाचे चित्र यांची मुक्तकंठाने प्रशंसा झाली. त्यातील धर्मविषयक आशय मात्र बहुधा पार्श्वभूमीच्या जागी ठेवला गेला. वस्तुतः ज्या घरगुतीपणाचे कौतुक होते, तेच या कथनातील धर्मानुभवाचे क्षेत्र आहे.

कथनाच्या आरंभी येणारे वडिलांचे चित्र या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. १८५७ च्या उठावाच्या संदर्भात जवळच्या आप्ताला झालेल्या फाशीचा धक्का बसलेला हा गृहस्थ सोवळ्याच्या अतिरेकात अडकला आहे. घरात येणारी प्रत्येक वस्तू पाण्याने शुद्ध झाली पाहिजे, हा त्याचा ध्यास आहे. येथे पाणी माणसाला माणसापासून वेगळे ठेवते. निवेदिका हा प्रसंग हसत सांगते. परंतु त्या हास्याआड भयग्रस्त घराची घुसमट जाणवत राहते. पुढे १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर पतिपत्नींची ताटातूट होते. काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे परततात, तेव्हाही त्यांची चूल वेगळी असते आणि पाणीही वेगळे असते. एका छपराखाली दोन धर्म नांदतात आणि त्यांची सीमारेषा स्वयंपाकघरातून जाते.

ही रेषा पुसली जाते ती कोणत्याही प्रवचनामुळे नव्हे. जातिभेद ईश्वराने निर्माण केलेला नसून माणसाने केलेला आहे, असा निष्कर्ष लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने काढतात आणि तो तत्काळ खाण्यापिण्याच्या व्यवहारात उतरवतात. त्यांचा बाप्तिस्मा यानंतर, १९०० मध्ये येतो. म्हणजे विधीने ज्यावर शिक्कामोर्तब केले, ते आधीच दैनंदिन निवडीतून घडून गेले होते. आरंभी विभक्त करणारे पाणी येथे जोडणारे होते. या एका प्रतिमेच्या अर्थांतरात या कथनाचे धर्मशास्त्र सामावले आहे.

श्रद्धा आणि कृती यांचा संबंध हा ख्रिस्ती विचारातील जुना वादविषय आहे. कृतीवाचून श्रद्धा निर्जीव ठरते, असे प्रतिपादणाऱ्या याकोबाच्या पत्राला मार्टिन ल्यूथरने १५२२ मध्ये गवताची उपमा दिली होती. केवळ श्रद्धेने तारण होते, या त्याच्या भूमिकेला ते पत्र अडचणीचे वाटत होते. लक्ष्मीबाईंचे कथन या वादात पक्ष घेत नाही. कृतीच्या आधी श्रद्धा निश्चित शब्दांत सांगता येते, या दोन्ही पक्षांना सोयीच्या गृहीतावरच ते प्रश्नचिन्ह उमटवते.

येथे एक आक्षेप संभवतो. जातिभेदाचा त्याग सुधारकांनीही केला आणि संतपरंपरेतही त्याला आधार आहे. मग त्याला ख्रिस्ती निष्ठेची खूण का मानावे? एकटी कृती ही खूण ठरत नाही, हे मान्य केले पाहिजे. निष्ठा दिसते ती निवडींच्या सातत्यात आणि त्यांची किंमत कोण मोजते, या प्रश्नाच्या उत्तरात. या संदर्भात टिळकांच्या औदार्याचे प्रसंग नव्याने वाचावे लागतात. हाती आलेले देऊन टाकणे आणि १९१७ मध्ये मिशनची वेतनी चाकरी सोडणे, या कृती सुवार्तेतील त्यागाच्या आदर्शाशी सुसंगत आहेत. पण रिकाम्या डब्यांशी झुंजते ती पत्नी. निवेदिका पतीच्या श्रद्धेविषयी शंका घेत नाही. तरी हिशोबही लपवीत नाही. दूरच्या शेजाऱ्यावर प्रेम करताना अगदी जवळच्या माणसाला गृहीत धरणे हा धर्म आहे काय, असा प्रश्न तिच्या विनोदातून उभा राहतो. हा विनोद शैलीचा अलंकार नाही. तो नैतिक विवेकाचे साधन आहे. स्वतःच्या आणि पतीच्या सद्गुणांना पुतळ्याचे रूप येऊ न देण्याचे काम तो करतो.

तथापि या कथनाची मर्यादाही स्पष्ट केली पाहिजे. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, ही निवड ज्याला ते नाकारण्याचा अधिकार परंपरेने दिला होता त्याचीच असते. अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती समाजात महार आणि मांग समाजांतून आलेल्यांची संख्या मोठी होती. त्यांच्या दृष्टीने पंगतीत बसणे हा त्याग नव्हता. तो नाकारलेल्या हक्काचा स्वीकार होता. ब्राह्मण धर्मांतरिताच्या आत्मकथनाला मराठीत मिळालेले मानाचे स्थान पाहता, पाणी देणाऱ्या हाताची निष्ठा कोणत्या निवडींतून व्यक्त झाली असेल, हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. ‘स्मृतिचित्रे’ त्याचे उत्तर देत नाही. परंतु श्रद्धेचा शोध वेदीपेक्षा चुलीपाशी घ्यावा, ही दृष्टी त्याच ग्रंथाने दिली आहे आणि तीच दृष्टी या अनुत्तरित प्रश्नाकडे घेऊन जाते.