न बोललेलं खोटं

इथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत रमणाऱ्या मंडळींनी गुस्ताव दोरेच्या चित्रांचं जाडजूड बायबल कधीतरी चाळलं असेलच. 1866 साली प्रथम निघालेल्या या ग्रंथात सव्वादोनशेहून जास्त चित्रं आहेत. दोरेनं ती रेखाटली आणि कारागिरांनी लाकडी ठोकळ्यांवर कोरली. योसेफाला त्याच्या भावांनी विकलं, तो प्रसंगही त्यात आहे. चित्र भव्य आहे, पण मी त्यात गुंतलो नाही. विश्वासघात इतक्या लांबून पाहिला की त्याचा नुसता देखावा होतो.

गुंतलो ते रेम्ब्रांटच्या चित्रात. आधी वेळ ठरवून गेलं की ब्रिटिश म्युझियमच्या अभ्यासिकेत अशी जुनी छापचित्रं समोर ठेवून पाहता येतात. साधारण 1633 मधलं, तांब्याच्या पत्र्यावर सुईनं रेखाटून आम्लानं कोरलेलं हे चित्र पोस्टकार्डाहूनही लहान आहे. भावांनी योसेफाचा झगा बोकडाच्या रक्तात बुडवून बापापुढे, याकोबापुढे, आणलाय. एकानं झगा धरलाय, दुसरा दूर कुठंतरी बोट दाखवतोय. म्हाताऱ्याचे दोन्ही हात वर गेलेत. ज्यांनी दुःख दिलं आणि ज्याला ते झालं, ती सगळी इथे हाताच्या अंतरावर आहेत. आणि रेम्ब्रांटनं त्या भावांना राक्षस केलेलं नाही.

मूळ कथेत भाऊ 'योसेफ मेला' असं म्हणतच नाहीत. हा झगा तुमच्या मुलाचाच का ते पाहा, एवढंच विचारतात. जनावरानं खाल्लं असेल, हे बापच बोलतो. चित्रातलं ते बोट म्हणूनच मला सर्वांत भयंकर वाटतं. न बोलता खोटं सांगणारं ते बोट आहे.

आणखी एक गोष्ट. याच याकोबानं तरुणपणी बकऱ्याचं कातडं हातांना गुंडाळून आपल्या आंधळ्या बापाला फसवलं होतं. आपल्याला दशरथ आठवतो. श्रावणबाळाच्या आंधळ्या आईबापांना त्याच्या हातून पुत्रशोक झाला आणि तोच शेवटी त्याच्याही वाट्याला आला. चित्रात हा इतिहास कुठेच नाही, पण तो माहीत असला की वर गेलेले ते हात वेगळे दिसू लागतात.

आता माझं सांगतो. वडिलांच्या पश्चात गावचं घर विकताना आम्ही भावांनी आईपुढे कागद ठेवला. "दुरुस्तीचा असेल," असं तीच म्हणाली. आम्ही गप्प बसलो. तिनं सही केली. आम्ही खोटं बोललो नाही, असं मी पुढे वीस वर्षं स्वतःला सांगत आलो.

म्युझियममधून घरी आलो आणि पुण्याला भावाला फोन लावला. आई आता नाही. त्या कागदाबद्दल आम्ही दोघं त्या रात्री पहिल्यांदाच बोललो.