ओळखीची चाल, नवी बाराखडी : वऱ्हाड आणि मराठी गझल

अभिरुची मोकळी असणे म्हणजे सगळेच आवडणे, असा सोपा अर्थ आपण लावतो. मराठी गझलेकडे पाहिले की तो अपुरा वाटतो. परका वाटणारा प्रकार ऐकून घेणे ही पहिली पायरी; तो आपल्या भाषेत रचता यावा म्हणून नवी कारागिरी शिकणे, ही खरी कसोटी.

मराठीत गझल आणली माधव जूलियन यांनी; त्यांची ‘गज्जलांजली’ १९३३ची. ती घराघरांत पोचवली अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांनी (१९३२–२००३). गझल उर्दूची, मराठीच्या प्रकृतीला ती मानवत नाही, हा आक्षेप अजूनही अधूनमधून ऐकू येतो. वऱ्हाडापुरता तरी तो टिकत नाही. अमरावती जिल्ह्यातले अचलपूर ही इमादशाहीची राजधानी. अकोला जिल्ह्यातले बाळापूर हे मोगली अंमलातले ठाणे. १८५३ पर्यंत हा मुलूख निजामाच्या ताब्यात होता. उर्दू इथल्या कानाला नवी नव्हती. यावलीचे तुकडोजी महाराज खंजिरीवर मराठी आणि हिंदी अशी दोन्ही भजने गात, आणि गावे ती सारख्याच गोडीने ऐकत.

त्याहून महत्त्वाचा पुरावा छंदशास्त्रात आहे. भुजंगप्रयातात ‘लगागा’ हा गण चार वेळा येतो. फारसी-उर्दूतल्या मुतकारिब बहरात ‘फऊलुन’ चार वेळा. लघु-गुरूंचा क्रम अगदी तोच. समर्थांचे ‘मनाचे श्लोक’ भुजंगप्रयातातच आहेत. म्हणजे दिवेलागणीला श्लोक म्हणणाऱ्या घरात गझलेची एक चाल आधीच मुक्कामाला होती. तिची ओळख तेवढी पटायची होती.

पण चाल ओळखीची असली तरी हात नवाच लागतो. उर्दूत दीर्घ अक्षर उच्चारात आखडून लघु धरण्याची मुभा आहे. मराठी कानाला ती रुचत नाही. शिवाय रदीफ, काफिया आणि अलामत सांभाळायची. ‘वारा’, ‘तारा’, ‘किनारा’ हे काफिये जुळतात, कारण ‘रा’आधीचा ‘आ’ कायम आहे. तिथे ‘पुरा’ चालत नाही. भटांनी हे नियम ‘गझलेची बाराखडी’त मांडले. या नावातच त्यांची भूमिका आहे : नाव झालेल्या कवीनेही इथे पाटी घेऊन पहिल्या इयत्तेत बसावे.

पुढे मात्र याच बाराखडीची काही जणांनी परीक्षा करून टाकली. अलामत तपासायची, मात्रा मोजायच्या आणि शेरात काही म्हटले आहे की नाही, हे विचारायचेच नाही. असा निर्दोष पण कोरडा शेर आणि ‘गझल परकी’ म्हणणारा जुना आक्षेप, दोन्ही एकाच बंद मनाची अपत्ये आहेत. बाराखडी वाचता-लिहिता येण्यासाठी असते, जन्मभर गिरवण्यासाठी नव्हे.

शेराची ताकद गायनात कळते. प्रत्येक शेर स्वतंत्र कविता असल्याने गायक निवड करू शकतो, एका ओळीवर रेंगाळू शकतो, दुसरी ओळ येईपर्यंत श्रोत्याला ताटकळत ठेवू शकतो. अमरावती जिल्ह्यातल्या आष्टगावचे भीमराव पांचाळे यांनी मराठी गझल अशी शब्दांना अग्रमान देऊन गायिली. त्यासाठी गायकाला जसे शिकावे लागले, तसे श्रोत्यालाही : ठेक्यावर मान डोलावण्याऐवजी दुसऱ्या ओळीची वाट पाहायला. मोकळी अभिरुची आपोआप येत नाही. तिलाही रियाज लागतो.