साठ लाख भाषांचा चाकर

‘स्टार वॉर्स’ या चित्रपटगाथेतले पहिले वाक्य ल्यूक स्कायवॉकरच्या तोंडी नाही, राजकन्या लेयाच्या नाही आणि डार्थ व्हेडरच्याही नाही. १९७७च्या पहिल्या चित्रपटात यानावर मारा होतो आणि सी-थ्रीपीओ नावाचा सोनेरी यंत्रमानव मुख्य भट्टी बंद पडल्याची बातमी आपल्या सोबत्याला घाबऱ्या आवाजात देतो. सोबती आर-टू-डी-टू शिट्ट्या मारून उत्तर देतो. त्या शिट्ट्यांचा अर्थ आपल्याला कळतो तो थ्रीपीओच्या प्रत्युत्तरातून. म्हणजे ही गाथा सुरू होते तीच एका दुभाष्याच्या बोलण्याने. पुढे नऊही चित्रपटांत हे पात्र येते आणि त्याचा आवाज प्रत्येक वेळी अँथनी डॅनियल्स या एकाच नटाचा आहे.

तरीही या पात्राबद्दल सहसा लिहिले जाते ते विनोदी जोडीतला भित्रा भिडू म्हणूनच. तो अडखळत चालतो, नको तेव्हा आकडेवारी सांगतो, सगळ्यांना वैताग आणतो. हे खरेच आहे. पण त्याच्यावर हसताना आपण नेमके कशावर हसतो, हे पाहिले तर त्यातून अनुवादकाविषयीची एक जुनी आणि फारशी चांगली नसलेली समजूत बाहेर येते. साठ लाखांहून अधिक संवादपद्धती ज्याला अवगत आहेत, त्याच्या स्वतःच्या बोलण्याला इथे बडबड म्हणतात. दुसऱ्याचे बोलणे त्याच्या तोंडून आले की तेवढ्यापुरता तो कामाचा.

या जोडीचे मूळ जपानमध्ये आहे, हे जॉर्ज लुकास यांनीच मान्य केले आहे. अकिरा कुरोसावांच्या ‘द हिडन फोर्ट्रेस’ (१९५८) मध्ये सेनापती आणि राजकन्येच्या पलायनाची कथा ताहेई आणि मताशिची या दोन लोभी, भांडखोर शेतकऱ्यांच्या बाजूने उलगडते. त्या चित्रपटात राजकन्येला मुकेपणाचे सोंग घ्यावे लागते, कारण तोंड उघडले की तिच्या बोलीवरून तिचे कूळ ओळखू येईल. लुकास यांनी कुरोसावांकडून घेतलेल्या गोष्टींत खालून वर पाहणारी नजर सर्वांना दिसते. भाषा आणि मुकेपणा यांचा हा खेळही तिथूनच आला असावा, असे मला वाटते. इथे मुका झाला तो धाकटा यंत्रमानव आणि बोलण्याचा भार पडला थोरल्यावर. मात्र या देवघेवीत एक गोष्ट हरवली. कुरोसावांच्या शेतकऱ्यांना सोन्याची हाव आहे, पळून जाण्याची मोकळीक आहे, स्वतःचे घर आहे. थ्रीपीओला यांपैकी काहीच नाही. तो विकत घेतलेला आहे.

पहिल्या चित्रपटातला तो खरेदीचा प्रसंग पुन्हा पाहण्याजोगा आहे. वाळवंटातला शेतकरी ओवेन लार्स त्याला पारखतो. शिष्टाचार आणि राजनीती यांसाठी घडवलेला हा यंत्रमानव. त्याची गरज आहे ती हवेतला ओलावा गोळा करणाऱ्या यंत्रांशी बोलायला. थ्रीपीओ आपली योग्यता सांगू लागतो आणि दोन-तीन वाक्यांतच त्याला गप्प केले जाते. पुढे मद्यालयात दोघाही यंत्रमानवांना दारातूनच परत पाठवतात, कारण तिथे त्यांच्या जातीला प्रवेश नाही. नाना ग्रहांच्या, नाना भाषांच्या त्या गर्दीत एका माणसाला तरी त्याची गरज भासली असती. पण तो बाहेर उभा राहतो. लुकास यांच्या मनात या पात्रासाठी आधी जुन्या मोटारी विकणाऱ्या धूर्त दलालाचा आवाज होता. शेवटी राहिला तो डॅनियल्स यांनी काढलेला इंग्रज खानसाम्याचा आवाज. त्या निवडीने पात्राचा सामाजिक दर्जा पक्का झाला. धन्यापेक्षा शुद्ध भाषा बोलणारा चाकर, आणि त्या शुद्धतेमुळेच हास्यास्पद. आपल्याकडच्या वाचकाला हा माणूस ओळखायला वेळ लागू नये.

आता तीन हशे आठवून पाहावेत. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ (१९८०) मध्ये थ्रीपीओ बोलत असतानाच लेया त्याचे बटण दाबून त्याला बंद करते. प्रेक्षक हसतात. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ (१९८३) मध्ये तो जॅबाच्या दरबारी दुभाषी नेमला जातो. आधीच्या दुभाष्याला धन्याने रागाच्या भरात नष्ट केलेले असते. एक भाडोत्री शिकारी आपल्या कैद्याची मोठी किंमत सांगतो, थ्रीपीओ ती जशीच्या तशी जॅबाच्या भाषेत मांडतो आणि फटका त्यालाच बसतो. प्रेक्षक पुन्हा हसतात. तिसरा हशा ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ (२००५) च्या शेवटी आहे. अ‍ॅनाकिनची जुळी मुले लपवायची आहेत, म्हणून बेल ऑर्गाना हुकूम देतो की या शिष्टाचारी यंत्रमानवाची स्मृती पुसून टाका. थ्रीपीओ दचकतो, आणि सबंध शोकांतिकेतला तो एक हलका क्षण ठरतो. एका जाणत्या पात्राचे सारे आयुष्य पुसले जात आहे आणि दिग्दर्शक त्याकडे गंमत म्हणून पाहतो आहे. आर-टूची स्मृती मात्र शाबूत राहते.

या ठिकाणी गाथेची रचना नकळत फार काही सांगून जाते. ज्याला सगळे आठवते त्याला बोलता येत नाही, आणि ज्याला बोलता येते त्याला काही आठवू दिलेले नाही. १९९९च्या चित्रपटाने दाखवले की थ्रीपीओला घडवले ते लहानग्या अ‍ॅनाकिनने, आईला मदत व्हावी म्हणून. हाच अ‍ॅनाकिन पुढे व्हेडर होतो. ही गाठ नंतर मारलेली आहे हे खरे. पण ती एकदा मारल्यावर १९८०च्या चित्रपटातले दृश्य बदलून जाते. तुकडे झालेला थ्रीपीओ च्यूबाकाच्या पाठीवर आहे, समोर त्याचा निर्माता उभा आहे, आणि दोघांत एका शब्दाचीही देवघेव नाही.

विदूषकाच्या विस्मरणावर कथानक तोलून धरण्याची युक्ती आपल्याला अपरिचित नाही. ‘अभिज्ञानशाकुंतला’त दुसऱ्या अंकात दुष्यंत माढव्याला राजधानीकडे पाठवतो आणि जाताना सांगतो की शकुंतलेविषयीचे बोलणे थट्टेचे होते, ते खरे मानू नकोस. पाचव्या अंकात शकुंतला दरबारात येते तेव्हाही विदूषक तिथे नाही. त्याला हंसपदिकेची समजूत काढायला धाडलेले आहे. शाप आपले काम करतो खरा, पण त्याआधी एका साक्षीदाराचे तोंड राजानेच बंद केलेले असते. फरक आहे तो पुढे. सहाव्या अंकात पश्चात्तापाने पोळलेला राजा विचारतो, तूही मला आठवण का दिली नाहीस? माढव्य उत्तर देतो की थट्टा आहे असे तूच सांगितले होतेस. कालिदासाचा विदूषक ब्राह्मण असून प्राकृतात बोलतो, खाण्याचा लोभी आहे, हास्यास्पद आहे. तरी त्याला हा एक प्रश्न विचारला जातो आणि त्याच्या उत्तरापुढे राजाला निरुत्तर व्हावे लागते. थ्रीपीओला कोणी काही विचारत नाही.

तरीही गाथेत एक जागा अशी आहे की जिथे हा चाकर खरोखर बोलतो. पहिल्या चित्रपटात त्याने ल्यूकला सांगितलेले असते की आपण दुभाष्यापलीकडे फारसे काही नाही आणि गोष्टी रंगवून सांगणे आपल्याला जमत नाही. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये तो इवोक जमातीच्या झोपडीत, शेकोटीच्या उजेडात, त्यांच्या भाषेत बंडाची सारी कथा सांगतो. यानांचे, तलवारींचे, व्हेडरच्या श्वासाचे आवाज काढतो. मुले-म्हातारी तल्लीन होऊन ऐकतात. आपल्याला त्यातली काही नावे तेवढी कळतात. या एका दृश्यात प्रेक्षक परका आहे आणि दुभाष्या घरचा. गोष्ट संपते तेव्हा इवोक परक्यांना आपल्या टोळीत घेतात, त्यांच्या बाजूने लढतात आणि साम्राज्याचे संरक्षककवच पडते. त्याआधी त्यांनी थ्रीपीओला देव मानलेले असते. पण पाहुण्यांना भाजून खाण्याचा त्यांचा बेत त्या देवत्वाने टळला नव्हता, त्यासाठी ल्यूकला शक्तीचा चमत्कार करावा लागला. चमत्काराने सुटका झाली, मैत्री मात्र गोष्टीने जुळली. शेवटच्या विजयसोहळ्यात याची आठवण कोणी काढत नाही.

‘द राइज ऑफ स्कायवॉकर’ (२०१९) ला हे ओझे जाणवले असावे. एका खंजिरावरचा सिथ भाषेतला मजकूर थ्रीपीओ वाचू शकतो, पण उच्चारू शकत नाही. जुन्या नियमाने त्याच्या रचनेतच तशी बंदी घातलेली आहे. तो अनुवाद मिळवायचा तर त्याची स्मृती जाणार. तो सोबत्यांकडे एकदा शेवटचे पाहून घेतो आणि तयार होतो. दोन हजार पाचच्या हुकुमाला चौदा वर्षांनी मिळालेले हे उत्तर आहे: तेव्हा स्मृती पुसली गेली ती त्याला गप्प करण्यासाठी, आता तो ती देतो बोलण्यासाठी. गाथेतला हा सर्वांत प्रौढ विचार म्हणता आला असता. पण थोड्याच वेळात त्या कोऱ्या मनाचे विनोद सुरू होतात, आणि पुढे आर-टू जवळची प्रत घालून सारे पूर्ववत करतो. त्यागाची किंमत चुकती होण्याआधीच परत केली जाते. अनुवाद हे फुकटचे काम आहे, ही समजूत पुन्हा जशीच्या तशी राहते.

२०१३ साली पहिला चित्रपट नाव्हाहो भाषेत आला. त्यात सी-थ्रीपीओला आवाज दिला तो एका स्त्रीने. बोलणारी पिढी आटत चाललेल्या भाषेत साम्राज्याविरुद्धच्या लढ्याची कथा ऐकू आली, ती अनुवादकांच्या जोरावर. इवोकांच्या झोपडीत जे घडले तेच इथे पडद्याबाहेर घडले. आपण कन्नड, बंगाली, मल्याळम साहित्य बहुतेक वेळा कोणाच्या तरी अनुवादातूनच वाचतो आणि लेखकाचे नाव तेवढे लक्षात ठेवतो. थ्रीपीओवर हसायला हरकत नाही. ते पात्र हसण्यासाठीच घडवले आहे. त्याचे बटण दाबले जाते तेव्हा हसणाऱ्यांत आपणही असतो, एवढे मात्र ध्यानात असावे.