सुरतेचा खटला, पुण्याचा छापखाना आणि न सापडणारं पुस्तक

स्त्रीवादी पुस्तकदुकानांचा इतिहास सांगायला बसलं की गाडी बहुतेक परदेशातून सुटते. 1970 साली मिनियापोलिसमध्ये उघडलेलं ‘अ‍ॅमेझॉन बुकस्टोअर’, मग लंडनचं ‘सिल्व्हर मून’. भारतात आलो की 1984 साली दिल्लीत उर्वशी बुटालिया आणि रितू मेनन यांनी काढलेली ‘काली फॉर विमेन’ ही प्रकाशनसंस्था, आणि त्याच दशकात बंगळुरात ‘विमोचना’च्या बायकांनी उभं केलेलं ‘स्त्रीलेखा’. या यादीत सुरत कुठेच नाही. पण माझं म्हणणं असं की दुकानाच्या आधी पुस्तक येतं आणि पुस्तकाच्या आधी ते लिहावंसं वाटायला लावणारी घटना. ती घटना सुरतेत घडली, आणि तिच्यातून निघालेलं पुस्तक मराठीत आहे. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’, साल 1882.

आधी प्रसंग. 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. लोकलाजेपायी तिने आपल्या नवजात मुलाचा जीव घेतला, असा आरोप होता. फाशी सुनावली गेली. पुढे अपिलात ती बदलून जन्मठेप, म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. वर्तमानपत्रांना विषयच मिळाला. ‘पुणे वैभव’ या सनातनी वळणाच्या पत्राने या एका बाईच्या निमित्ताने समस्त बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेतलं.

याला उत्तर आलं ते वऱ्हाडातल्या बुलढाण्याहून. ताराबाई मराठा घरातल्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे. सुरतेतल्या ब्राह्मण विधवेची बाजू घ्यायला वऱ्हाडातली मराठा बाई उठते, ही गोष्ट आपण वाचताना पटकन ओलांडून जातो. खरं तर तिथे थांबायला हवं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. ओळख फक्त एका बातमीची.

पुस्तक लहानसं, 52 पानांचं. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात 500 प्रती छापल्या, किंमत नऊ आणे. रीत साधीच, आणि म्हणून मारा अचूक. बायकांच्या माथी मारलेला एकेक दोष घ्यायचा (साहस, कपट, संशय, मूर्खपणा) आणि तो पुरुषांत किती भरलाय ते दाखवून द्यायचं. बायको मेली की तेराव्यानंतर दुसरी आणणाऱ्याला कोणी अडवत नाही, मग नवरा मेलेल्या बाईनेच जन्मभर कोंडून का घ्यावं, असा त्यांचा रोकडा सवाल. देवादिकांनाही त्या सोडत नाहीत. आणि समीक्षक म्हणून मला विशेष वाटतं ते हे की त्या समकालीन साहित्यालाही हात घालतात. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या कादंबऱ्या, ‘मनोरमा’ नाटक, यांत बायका कशा रंगवल्यात याचा हिशेब मागतात. मराठीत बाईने केलेल्या साहित्यसमीक्षेची सुरुवात शोधायची तर ही पानं आधी उघडावीत.

आता उणं. ताराबाई पतिव्रताधर्म मोडीत काढत नाहीत. नवऱ्याने नीट वागावं म्हणजे बायकोही धर्माने वागेल, अशा वळणावर त्या पुष्कळदा येतात. इंग्रजी राज्याबद्दल त्यांना भाबडा विश्वास आहे, आणि फाशी सुनावणारं कोर्ट त्याच राज्याचं होतं, या विसंगतीशी त्या भिडत नाहीत. माझी सगळ्यात मोठी हरकत मात्र वेगळी आहे. विजयालक्ष्मी या पुस्तकात येते आणि लगेच मागे पडते. युक्तिवाद पुढे धावतो, बाई मागेच राहते. हा दोष ताराबाईंचा थोडा, आपला जास्त. मराठी प्रस्तावनांतून ‘सुरतच्या खटल्याच्या निमित्ताने’ एवढं म्हणून विषय संपतो. एखाद्या बाईचा जीव टांगणीला लागलेला, आणि साहित्याच्या इतिहासात ती ‘निमित्त’!

पुस्तकाचं पुढे काय झालं? टीका झाली, टवाळी झाली. ताराबाईंनी पुन्हा दुसरं पुस्तक छापलं नाही. जोतीराव फुल्यांनी 1885 साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांची पाठराखण केली, त्यांना चिरंजीविनी म्हटलं, सहकाऱ्यांना पुस्तक वाचायला सांगितलं. त्यानंतर जवळजवळ 90 वर्षं शांतता. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं. मालशे हे धनंजय कीर यांच्याबरोबर फुल्यांच्या समग्र वाङ्मयाचे संपादक, तेव्हा हा शोध त्यांच्याच हातून लागावा यात नवल नाही. ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं, वाचक तयार होता. 1994 साली रोझलिंड ओ’हॅनलन यांनी इंग्रजी भाषांतर केलं आणि पुस्तक जगभरच्या अभ्यासक्रमांत गेलं.

इथे दुकानाचा मुद्दा येतो. 1882 साली लेखिका होती, छापखाना होता, पाठीशी फुल्यांसारखा माणूसही होता. नव्हतं ते पुस्तक मांडून ठेवणारं, विचारणाऱ्याच्या हाती देणारं, संपलं की पुन्हा छापा म्हणून मागे लागणारं ठिकाण. ‘स्त्रीलेखा’सारख्या दुकानांनी नेमकं हे काम केलं. नफा बेताचाच, म्हणून अशी दुकानं टिकणं कठीण. मिनियापोलिसचं दुकानही नाव बदलून शेवटी 2012 मध्ये बंद झालं. पण ती असतात तेवढा काळ पुस्तक हरवत नाही.

सुरतेला हे परकं नाही. अ‍ॅन्ड्र्यूज लायब्ररी 1850 ची. नर्मदने विधवाविवाहाचा पुरस्कार इथेच केला. 1907 साली बाजीगौरी मुन्शी आणि शिवगौरी गज्जर या दोन विधवांनी वनिता विश्राम उभं केलं. म्हणजे विजयालक्ष्मीच्या खटल्यानंतर 26 वर्षांनी त्याच शहरात विधवाच दुसऱ्या बायकांसाठी दार उघडून उभ्या राहिल्या. आपल्या वारसा-फेऱ्यांत नर्मदचं घर असतं, किल्ला असतो, डच-इंग्रज कबरी असतात. विजयालक्ष्मीचं नाव तिथे माझ्या कानावर पडलेलं नाही.

म्हणून मंडळातल्या मित्रमैत्रिणींना दोन गोष्टी सुचवतो. एक, पुढच्या फेरीत या खटल्यावर पाच मिनिटं बोलू या, आणि ‘निमित्त’ हा शब्द टाळून बोलू या. दोन, ‘स्त्रीपुरुष तुलना’च्या काही मराठी प्रती घेऊन त्या सुरतेतल्या ग्रंथालयांना देऊ या. ज्यांना गुजरातीच वाचता येतं त्यांच्यासाठी आपल्यातल्या दोन्ही भाषा येणाऱ्यांनी त्याचं मोठ्याने वाचन ठेवावं, वाचता वाचता अर्थ सांगावा. 52 पानांना दोन रविवार पुरतील.