मध्यदेशाची कल्पना आणि प्राचीन चीनचे प्रदेश

भिक्खू फा-हिएन इ.स. ३९९ मध्ये विनयग्रंथांच्या शोधार्थ चांगआनहून निघाले. त्यांच्या प्रवासवृत्तांतात ‘मध्यदेश’ हा शब्द येतो तो गंगा-यमुनेच्या परिसरासाठी. ज्या दोन अक्षरांनी त्यांचे देशबांधव स्वतःच्या भूमीचा उल्लेख करीत, तीच अक्षरे त्यांनी भगवान बुद्धांच्या चारिकाभूमीस लावली आणि जन्मभूमीस सीमाप्रदेश मानले. त्यांचे सहप्रवासी ताओ-चिंग तर पुन्हा सीमाप्रदेशात जन्म नको, या भावनेने इकडेच राहिले. पालि साहित्यातील ‘मज्झिमदेस’ आणि ‘पच्चन्तिम जनपद’ ही विभागणी आमच्या वाचकांस परिचित आहेच. मध्य कोणता व सीमा कोणती हे बोलणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून असते, याचा याहून स्वच्छ दाखला मिळणे कठीण.

हा दाखला आरंभी देण्यास कारण आहे. क्वांग-चिह चांग (१९३१–२००१) यांचा ‘द आर्किऑलॉजी ऑफ एन्शंट चायना’ हा ग्रंथ अजूनही चिनी पुरातत्त्वाच्या अभ्यासाचे प्रवेशद्वार समजला जातो. येल विद्यापीठाने त्याच्या चार आवृत्त्या काढल्या : १९६३, १९६८, १९७७ आणि १९८६. पहिल्या आवृत्तीत जो सिद्धान्त मांडला, तो चौथ्या आवृत्तीत लेखकानेच मोडून काढला. विद्वत्तेच्या क्षेत्रात असे धैर्य विरळाच. तथापि हे मोडणे पुरतेपणी झाले आहे काय, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

पहिल्या आवृत्तीतील चित्र साधे होते. पीत नदीच्या मधल्या खोऱ्यात शेती सुरू झाली. यांगशाओ संस्कृतीच्या रंगीत मृद्भांड्यांनंतर लुंगशानची काळी मृद्भांडी आली, त्यातून शांग राजवंश उदयास आला आणि तेथून संस्कृतीचा प्रकाश दक्षिणेकडे व पूर्वेकडे पसरला. या चित्राचा पाया उत्खननाइतकाच पोथीत होता. आन्यांग येथे १९२८ ते १९३७ या काळात झालेल्या उत्खननाने शांग राजांची नावे खरी ठरविली, तेव्हा जुन्या इतिहासग्रंथांवरील विश्वास दुणावला. मग कुदळही ग्रंथांनी दाखविलेल्या जागीच अधिक पडू लागली. जेथे खणले तेथेच सापडले आणि जेथे सापडले तेच केंद्र ठरले. ह्यूएन त्संग ज्या यांशी परिसरात जन्मले, तेथेच १९५९ मध्ये अर्लीतोऊ हे स्थळ उजेडात आले, तेही एका अभ्यासकाने शिया राजवंशाचा माग ग्रंथांच्या आधारे काढताना. अर्लीतोऊचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. शोधाची दिशा कोठून येत होती एवढेच येथे नोंदवावयाचे आहे.

या चित्राला तडा दिला तो कर्ब-१४ कालमापनाने. शिया नाय यांनी १९७७ मध्ये उपलब्ध कालनिश्चितींचा आढावा घेतला, तेव्हा पीत नदीबाहेरच्या अनेक संस्कृती यांगशाओच्या समकालीन असल्याचे स्पष्ट झाले. चच्यांग प्रांतात १९७३ मध्ये सापडलेल्या हमुतू येथे इ.स.पू. ५००० च्या सुमारास भातशेती करणारे आणि खांबांवर लाकडी घरे उभारणारे लोक राहत होते. ते कोणाचे शिष्य नव्हते. सू पिंग-छी यांनी १९८१ मध्ये चीनच्या प्रागितिहासाची सहा प्रादेशिक क्षेत्रांत मांडणी केली आणि आकाशभर विखुरलेल्या ताऱ्यांची उपमा पुढे रूढ केली.

चांग यांनी चौथ्या आवृत्तीत हे सारे आत्मसात केले. प्रत्येक प्रदेशाची संस्कृती आपापल्या मुळांतून वाढली, इ.स.पू. ४००० च्या सुमारास या संस्कृती एकमेकींच्या निकट आल्या आणि त्यांच्यात देवाणघेवाणीचे जाळे निर्माण झाले, असे ते दाखवितात. हा भाग ग्रंथातील सर्वांत समृद्ध आहे. भांड्यांचे आकार, त्यांचे पाय, त्यांवरील नक्षी यांचा माग काढीत ते वाचकाला शांतुंगपासून यांगत्सेच्या मुखापर्यंत नेतात. पुढील शोधांनी त्यांच्या मांडणीला बळच दिले. ल्यांगचू संस्कृतीच्या फानशान दफनभूमीत १९८६ मध्ये साडेसहा किलोग्रॅम वजनाची जेडची ‘त्सुंग’ ही चौकोनी नलिका मिळाली. याच ल्यांगचूच्या घडणीची एक त्सुंग २००१ मध्ये उजेडात आलेल्या चिन्शा येथे, म्हणजे दूर सिच्वानमध्ये, हजार वर्षांहून अधिक काळानंतरच्या थरांत आढळली.

आमचा पहिला आक्षेप नावाविषयी आहे. या जाळ्याला चांग ‘चिनी परस्परसंपर्क क्षेत्र’ म्हणतात. तटस्थ नाव देता आले असते हे त्यांना मान्य आहे. पण याच क्षेत्रातून पुढे ऐतिहासिक चीन घडला म्हणून हे नाव योग्य, असे त्यांचे समर्थन आहे. म्हणजे शेवट ठाऊक असल्यामुळे आरंभाला नाव मिळते. हमुतूचा भातशेतकरी आणि ल्याओनिंगमधील हुंगशान संस्कृतीचा जेड कारागीर यांना आपण ‘चिनी’ होण्याच्या वाटेवर आहोत याची कल्पना असणे शक्य नव्हते. भौगोलिक केंद्र पुसले गेले, परंतु त्याची जागा कालाच्या केंद्राने घेतली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘परस्परसंपर्क’ हा शब्द फार सौम्य आहे. भांड्यांच्या आकारांवर उभी राहिलेली मांडणी देवाणघेवाण सहज दाखविते. जबरदस्ती तिच्या जाळ्यातून निसटते. आन्यांगच्या राजदफनभूमीत बळींच्या खड्ड्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. भविष्यकथनासाठी वापरलेल्या अस्थींवरील लेखांत बळी म्हणून ज्यांचे नाव सर्वांत अधिक येते ते ‘छ्यांग’, म्हणजे पश्चिमेकडील परके लोक. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्थिविश्लेषणाने या बळींपैकी अनेकजण बाहेरून आणलेले असून मारले जाण्यापूर्वी काही वर्षे आन्यांगलाच राहिले असावेत, असे दाखविले. त्या वर्षांत त्यांच्याकडून कोणते काम करवून घेतले असेल, याचा विचार वाचकाने करावा. केंद्र व प्रदेश यांच्या संबंधांत हाही एक संबंध होता आणि त्याचा हिशोब वेगळ्या प्रकरणात ठेवून चालणार नाही.

लिपीही याची साक्ष देते. दक्षिणेकडील ‘मान्’ लोकांच्या नावात कीटकाचे चिन्ह आहे, उत्तरेकडील ‘ती’ लोकांच्या नावात कुत्र्याचे. सिच्वानचे प्राचीन नाव ‘शू’, त्यातही कीटकच. ‘म्लेच्छ’ शब्दाची आठवण आमच्या वाचकांस होईल. पण हे साम्य ताणू नये. चिनी ग्रंथकारांनी परकेपणाचा निकष बहुधा आचारविधींत शोधला, जन्मात नव्हे. शुन आणि राजा वन या आदर्श पुरुषांचे मूळ पूर्वेकडील व पश्चिमेकडील परक्यांत होते, असे मन्शियस स्वतःच सांगतो. आपल्याकडील वर्णव्यवस्थेने असा दरवाजा ठेवला नव्हता.

सानशिंगत्वेईच्या बळीखड्ड्यांचा शोध लागला तो ग्रंथाची चौथी आवृत्ती निघाली त्याच वर्षी, १९८६ मध्ये. शू प्रदेशातील या स्थळी विटांसाठी माती काढताना मजुरांना पहिला खड्डा लागला आणि पाठोपाठ दुसरा. त्यांतून बाहेर आले ते आन्यांगच्या कोणत्याही अभ्यासकाने कल्पिले नव्हते : पीठासह सुमारे २.६ मीटर उंचीची उभी कांस्यमूर्ती, सुमारे चार मीटर उंचीचा कांस्यवृक्ष, डोळे बाहेर आलेले मुखवटे, हस्तिदंतांचे ढीग, आणि बरेचसे मुद्दाम मोडलेले व जाळलेले. काळ इ.स.पू. बारावे–अकरावे शतक, म्हणजे शांग राजे आन्यांगला असतानाचा. तेथे लेख नाहीत. जुन्या ग्रंथांत या राज्याच्या सामर्थ्याची पुसटशीही कल्पना येत नाही. रॉबर्ट बॅगली यांनी १९९९ च्या केंब्रिज इतिहासातील आपल्या प्रकरणात नेमके याच मर्मावर बोट ठेवले आहे. आन्यांगबाहेरची कांस्ये पाहिली की ग्रंथांतील एकछत्री शांग साम्राज्य टिकत नाही, असे ते म्हणतात. २०१९ नंतर तेथे आणखी सहा खड्डे सापडले. खेदाची गोष्ट अशी की त्या मुखवट्यांचे डोळे पाहताच चौथ्या शतकातील एका प्रादेशिक इतिहासातील बाहेर आलेल्या डोळ्यांच्या शू राजाशी त्यांची सांगड घालण्याची घाई सुरू झाली. सुमारे दीड हजार वर्षांनंतरच्या पोथीने मुक्या कांस्याला पुन्हा बोलते करावे, ही जुनीच सवय.

केंद्राचे आकर्षण किती चिवट आहे पाहा. यान वन-मिंग यांनी १९८७ मध्ये अनेक पाकळ्यांच्या फुलाची उपमा दिली. उपमा सुंदर आहे, पण फुलाला गाभा असतो आणि तो मध्यभूमीचाच. सू यांच्या ताऱ्यांना असा गाभा नव्हता. १९९६ ते २००० या काळात चाललेल्या राज्यपुरस्कृत प्रकल्पाने शियाचा आरंभ इ.स.पू. २०७० असा ठरविला. शियाचे नाव असलेला समकालीन लेख मात्र आजवर मिळालेला नाही.

बौद्ध अभ्यासकास या वादाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. चीनमध्ये धम्म आला तो सम्राट मिंगच्या स्वप्नामुळे लोयांगला, ही कथा सर्वतोमुखी आहे. मास्पेरो यांनी १९१० मध्येच तिचे उत्तरकालीनत्व दाखविले. उलट इ.स. ६५ मधील राजाज्ञेत श्रमण व उपासकांचा जो सर्वांत जुना विश्वसनीय उल्लेख येतो, तो पूर्वेकडील फंगछंग येथील छू राज्याच्या राजपुत्र यिंगसंबंधी. आणि लेशानजवळ माहाओ येथील खडकात कोरलेल्या थडग्याच्या द्वारपट्टीवर प्रभावलय व उष्णीष असलेली बुद्धमूर्ती आहे. ती साधारण दुसऱ्या शतकातील असून चीनमधील आद्य बुद्धप्रतिमांपैकी एक गणली जाते. हे लेशान शू प्रदेशातलेच. थडग्यावरील प्रतिमेवरून तेथे संघ होता असे म्हणणे घाईचे ठरेल. मृताच्या कल्याणासाठी योजिलेले ते एक नवे दैवत असण्याचा संभव अधिक. परंतु ती प्रतिमा लोयांगहून आली असे गृहीत धरण्यासही आधार नाही. चांग यांचा ग्रंथ या काळाच्या बराच आधी थांबतो. ज्यांना माहाओची ती मूर्ती अभ्यासावयाची आहे, त्यांनी त्यातील प्रादेशिक संस्कृतींची प्रकरणे प्रथम वाचावीत, आणि अखेरची राजवंशांची प्रकरणे बॅगली यांचे लेखन हाती ठेवून.