खेळाची संहिता : लुप्त कृतीच्या पुनर्रचनेसंबंधी काही प्रश्न

१

मराठीत नाटकाचा प्रयोग होतो, तसाच नाटकाचा 'खेळ'ही लागतो. या दुसऱ्या शब्दप्रयोगामागे एक जुनी जाण आहे. कृती लिहिलेल्या मजकुरात पूर्ण होत नसून ती खेळणाऱ्यांमध्ये आणि पाहणाऱ्यांमध्ये घडते, ही ती जाण होय. संहितेला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या मराठी समीक्षेने ती बरीचशी बाजूस सारली. आज तोच प्रश्न साहित्याबाहेरच्या एका क्षेत्रातून नव्याने उभा राहिला आहे. बंद पडलेले बहुखेळाडू संगणकीय खेळ त्यांचे चाहते पुन्हा उभे करीत आहेत, आणि त्यांच्या या खटाटोपातून कृतीच्या स्वरूपाविषयी काही मूलगामी प्रश्न उपस्थित होतात.

अशा खेळाची रचना दुभंगलेली असते. चित्रे, ध्वनी, नकाशे हे सारे खेळाडूच्या घरच्या संगणकावर असते. परंतु कोणी काय केले असता काय घडावे आणि घडलेल्यापैकी काय स्मरणात राहावे, याचे नियम कंपनीच्या मध्यवर्ती संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर असतात. सर्व्हर बंद झाला की खेळाडूच्या हाती अर्धीच कृती उरते. 'स्टार वॉर्स गॅलक्सीज' हा २००३ साली सुरू झालेला खेळ १५ डिसेंबर २०११ रोजी असा बंद झाला. 'सिटी ऑफ हीरोज' हा २००४ सालचा खेळ ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद झाला. दोन्ही पुढे चाहत्यांनी जिवंत केले. मात्र त्यांचे मार्ग भिन्न होते. पहिल्या खेळाच्या बाबतीत चाहत्यांनी, मूळ सर्व्हर चालू होता त्या काळातच, त्याच्या आणि खेळाडूंच्या संगणकांमधील संदेशांचे निरीक्षण केले, त्यावरून नियमांचे अनुमान बांधले आणि सर्व्हर नव्याने लिहिण्यास घेतला. दुसऱ्याच्या बाबतीत मूळ आज्ञावलीच एका लहान वर्तुळात गुप्तपणे चालविली जात होती. २०१९ साली हे उघड झाले, आणि जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्ट या मालक कंपनीने 'होमकमिंग' या चाहत्यांच्या प्रकल्पाला रीतसर परवाना दिला. पाठचिकित्सेच्या भाषेत सांगायचे तर एकीकडे पोथी नसताना केलेली पुनर्रचना आहे, दुसरीकडे पोथीच हाती आली आहे.

२

पोथी हाती असो वा नसो, 'मूळ' कोणते हा प्रश्न सुटत नाही. 'गॅलक्सीज'ची रचना नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीने आमूलाग्र बदलली होती. पुनर्रचना करणाऱ्यांच्या प्रमुख प्रकल्पाने शेवटचे रूप न स्वीकारता या बदलापूर्वीचे रूप प्रमाण मानले. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीशी याची तुलना उद्बोधक ठरेल. सुखठणकरांनी व्यासांचा मूळ पाठ सापडल्याचा दावा केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जेथवर मागे जाता येते तेथवरचा पाठ त्यांनी सिद्ध केला. त्यांचा निकष साक्ष्याचा होता. चाहत्यांचा निकष मूल्याचा आहे : जे रूप सर्वोत्तम वाटले तेच मूळ. येथे मूल्यनिर्णय पाठनिश्चितीच्या आधी येतो. समीक्षेची ही भूमिका सदोष म्हणता येईल. पण ती उघड आहे, हेही नोंदवावयास हवे. वाङ्मयेतिहासात तोच मूल्यनिर्णय पुष्कळदा पुराव्याचा वेष घेऊन येतो.

३

विष्णुदास भावे यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सांगलीचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांच्या प्रेरणेने भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' सादर केले. सूत्रधाराने पद म्हणावे, पात्रांनी त्या अनुरोधाने अभिनय करावा आणि आपली भाषणे प्रसंगी रचावीत, विदूषकाने मध्येच सूत्रधाराची थट्टा करावी, राक्षसांनी आरडाओरडा करीत प्रवेश करावा, असा या खेळांचा बंध होता. १८५१ साली आप्पासाहेब निवर्तले, राजाश्रय सरला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावे लागले. परंतु खेळ संपला नाही. त्याचे नियम मंडळीतील माणसांच्या अंगी मुरलेले होते, म्हणून इचलकरंजीकर, आळतेकर अशा इतर मंडळ्याही तो खेळू शकल्या. येथे सर्व्हर एका मालकाच्या कोठीत बंद नव्हता.

पुढे १८८० साली किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले आणि बांधीव, पाठ करावयाची संहिता प्रतिष्ठित झाली. भाव्यांची पदे 'नाट्यकवितासंग्रहा'त १८८५ साली छापली गेली. पात्रांची भाषणे कोठेच उतरली नाहीत. म्हणजे आज हाती आहे ती अर्धी कृती. या अर्ध्या कृतीवरून भाव्यांच्या खेळांना 'बाल्यावस्थेतील नाटके' ठरविण्याची प्रथा मात्र रूढ झाली. पठ्ठे बापूरावांचेही असेच घडले. त्यांचे रेठरे हरणाक्ष हे गाव त्या काळी सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यांच्या लावण्या छापल्या गेल्या आणि अभ्यासल्या गेल्या. वगातील बतावणी व संपादणी, म्हणजे सोंगाड्याने उभ्या जागी रचलेला भाग, त्या त्या रात्रीबरोबर संपला. जे छापले तेवढेच वाङ्मय, हा दंडक दोन्ही ठिकाणी गृहीत धरला गेला.

४

या तुलनेला मर्यादा आहेत. आज्ञावलीतील नियम यंत्र जसाच्या तसा पाळते. नटाच्या नियमात औचित्यविवेक अंतर्भूत असतो आणि तो देहाच्या शिक्षणातूनच येतो. म्हणून भाव्यांचा खेळ केवळ नोंदींवरून उभा करता येणार नाही. दुसरे असे की, संगणकीय खेळातही नियम म्हणजे संपूर्ण कृती नव्हे. कोणी कोणास साहाय्य करावे, नवख्याशी कसे वागावे, हे संकेत आज्ञावलीत नसतात. ते खेळाडूंच्या समूहात असतात. पुनर्जीवित खेळात येणाऱ्यांपैकी पुष्कळांना सारे आधीच ठाऊक असते. पहिल्या वेळचे अज्ञान परत आणता येत नाही. रोमान इनगार्डेन यांनी साहित्यकृतीची आराखड्यासारखी रचना आणि वाचकाने तिला दिलेले मूर्तरूप यांत भेद केला आहे. चाहते परत आणतात तो आराखडा. मूर्तरूप प्रत्येक वेळी नवेच असते.

तथापि आराखडा परत आणणे हे दुय्यम काम नव्हे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याने साहित्यकृतीच्या व्याख्येत आता संगणकीय आज्ञावलीचाही समावेश केलेला आहे. कायद्याने स्वीकारलेल्या या व्याप्तीची दखल मराठी समीक्षेने गांभीर्याने घ्यावयास हवी; कारण तीतून मिळणारा निकष मराठीच्या स्वतःच्या परंपरेला लागू पडतो. एखादी कृती लिहिली गेली होती काय, एवढाच प्रश्न पुरेसा नाही. ती कोणत्या नियमांनी खेळली जात होती आणि ते नियम आज कोणाच्या स्मरणात, कोणाच्या अंगवळणी उरले आहेत, हेही विचारले पाहिजे. 'गॅलक्सीज'च्या चाहत्यांनी निरीक्षणाला आरंभ केला तो खेळ चालू असताना. तो बंद पडल्यावर त्या निरीक्षणाची संधीच उरली नसती.

दरवर्षी ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो आणि सांगलीत भाव्यांच्या नावाने रंगकर्मींचा गौरव केला जातो. तो यथायोग्यच आहे. परंतु नाटककाराचे स्मरण आणि त्याच्या खेळाचे जतन या दोन भिन्न गोष्टी आहेत. सातारा-सांगलीच्या पट्ट्यातील जुन्या फडांमध्ये वावरलेली माणसे हयात आहेत तोवर त्यांची बतावणी कोणत्या नियमांनी उभी राहते, हे नोंदविता येईल. त्यानंतर अभ्यासकांच्या हाती पुन्हा पदेच उरतील, आणि त्या पदांवरून या खेळांनाही बाल्यावस्थेतील ठरविणे सोपे जाईल.